उच्छिष्ट कोणी उचलावे? : विनयपिटकातील नियम आणि आजचा कचरा

घरातील ओला कचरा एका टोपलीत व सुका कचरा दुसऱ्या टोपलीत ठेवावा, ही सूचना आज महाराष्ट्रातील अनेक नगरपालिकांच्या घंटागाड्यांवर लिहिलेली दिसते. या सूचनेमागे मोठा कायदेशीर इतिहास आहे. अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेतून २००० सालचे नागरी घनकचऱ्याचे नियम आले. कचरा वेगळा करण्याची सवय नागरिकांना लावावी, एवढेच त्या नियमांनी नगरपालिकांना सांगितले होते. २०१६ च्या नियमांनी मात्र ते कचरा करणाऱ्याचे कर्तव्य ठरविले आणि प्रत्येक स्थानिक संस्थेने एका वर्षात आपापले उपविधी करावेत असा आदेश दिला. वरवर पाहता हा आरोग्याचा व व्यवस्थापनाचा प्रश्न आहे. परंतु ज्या देशात उष्ट्याला हात कोणी लावावा हे शतकानुशतके जन्मावरून ठरत आले, त्या देशात "ज्याचा कचरा त्याने निवडावा" हा नियम केवळ व्यवस्थापनाचा राहत नाही. विनयपिटकाचे वाचन करीत असता प्रस्तुत लेखकास असे दिसून आले की हा प्रश्न भिक्खुसंघासमोर फार पूर्वी उभा राहिला होता, आणि संघाने त्याला दिलेले उत्तर आपल्या समाजाने नीट ध्यानी घेतलेले नाही.

विनयाचे नियम एकदम, एका बैठकीत झाले नाहीत. प्रत्येक नियमाला एक गाव आहे, एक प्रसंग आहे, आणि बहुधा लोकांची एखादी तक्रार आहे. त्या अर्थाने ते स्थानिक नियमच होत. उदाहरणार्थ, तथागत भग्ग देशात सुंसुमारगिरी येथे भेसकळावनात राहत असता काही भिक्खूंनी कोकनद प्रासादात भोजन केले आणि पात्र धुतलेले शितांसह पाणी तेथेच टाकून दिले. लोक नाराज झाले. हे श्रमण तर चैन करणाऱ्या गृहस्थांसारखेच वागतात, असे ते म्हणू लागले. त्यावर सेखिय नियमांपैकी छपन्नावा नियम झाला : शिते असलेले पात्रधोवन वस्तीत टाकू नये. नियमाच्या विवरणात दोष केव्हा लागत नाही तेही सांगितले आहे. शिते वेचून काढून पाणी टाकले, शिते कुस्करून टाकली, एखाद्या भांड्यात टाकली किंवा बाहेर नेऊन टाकली, तर दोष नाही. येथे पालीतला शब्द 'सित्थ' असा आहे. आपल्या घरातील 'शीत' तेच. पाण्यातून अन्नाचे कण वेगळे काढणे, हे या नियमाचे तात्पर्य आहे, आणि ते काम ज्याचे पात्र त्याने करावयाचे आहे.

भिक्खुणींच्या पाचित्तिय नियमांतील आठवा नियम याहून स्पष्ट आहे. त्याची निदानकथा सावत्थीची आहे. राजाच्या चाकरीत असलेला एक ब्राह्मण, तीच नेमणूक पुन्हा मागून घ्यावी म्हणून, डोक्यावरून स्नान करून राजवाड्याकडे निघाला होता. भिक्खुणींच्या निवासाजवळून तो जात असता एका भिक्खुणीने शौचपात्र भिंतीपलीकडे रिकामे केले आणि ते नेमके त्याच्या मस्तकावर पडले. तो संतापला व जळते कोलीत घेऊन निवास जाळावयास निघाला. वाटेत भेटलेल्या एका उपासकाने, हा तर शुभशकुन आहे, आज तुम्हास धनही मिळेल आणि ती नेमणूकही मिळेल, असे सांगून त्यास परत फिरविले. ब्राह्मण पुन्हा स्नान करून गेला आणि त्याला खरोखरच नेमणूक मिळाली. विनयाच्या संग्राहकांना विनोदाचे वावडे नव्हते, हे अशा कथांवरून कळते.

परंतु आपल्याला त्या नियमाचे शब्द पाहावयाचे आहेत. मल, मूत्र, 'संकार' किंवा 'विघास' भिंतीपलीकडे अथवा कुंपणापलीकडे टाकणाऱ्या भिक्खुणीला पाचित्तिय दोष लागतो. जी दुसऱ्याकडून टाकविते, तिलाही तोच दोष लागतो. विवरणात 'संकार' म्हणजे 'कचवर' असे म्हटले आहे. आपला 'कचरा' या शब्दाच्या जवळचा आहे, हे सांगावयास नको. 'विघास' म्हणजे चघळून टाकलेले तुकडे, हाडे आणि उष्टे पाणी. दुसऱ्याकडून टाकविणे आणि स्वतः टाकणे यांत दोषाच्या दृष्टीने काहीच अंतर नाही, ही बाब अत्यंत महत्त्वाची आहे. दुसऱ्याच्या हातांनी केलेली घाण ही आपलीच घाण असते, असा त्याचा अर्थ होतो. पुढचाच, नववा, नियम हिरवळीवर व पिकावर हे पदार्थ टाकण्यास मनाई करतो. निवासाशेजारी एका ब्राह्मणाचे जवाचे शेत होते व भिक्खुणी तेथे घाण टाकीत, यातून तो झाला. मात्र शेताच्या मालकास विचारून टाकले किंवा शेताच्या बांधावर टाकले तर दोष नाही. या सवलतीमागे खताची कल्पना असावी असे वाटते, पण ग्रंथ तसे म्हणत नाही. म्हणून आपणही तसे ठामपणे म्हणू नये.

हे झाले निषेध. नियम नसतानाही स्वेच्छेने कसे वागावे याचे चित्र अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल या तिघांच्या वर्णनात येते. ते महावग्गात आहे, मज्झिमनिकायातही आहे. जो भिक्षाटनाहून प्रथम परत येई तो आसने मांडी, पाय धुण्याचे व पिण्याचे पाणी ठेवी आणि 'अवक्कारपाति', म्हणजे उष्टे-खरकटे टाकावयाचे भांडे, धुऊन मांडून ठेवी. जो शेवटी येई तो, इच्छा असल्यास, उरलेले अन्न खाई. इच्छा नसल्यास जेथे हिरवळ नाही अशा जागी, किंवा ज्यात जीवजंतू नाहीत अशा पाण्यात ते सोडी. मग तो आसने आवरी, ते भांडे धुऊन जागेवर ठेवी आणि भोजनाची जागा झाडून काढी. पाण्याचा घडा रिकामा ज्याच्या दृष्टीस पडे, तो भरी. अनुरुद्ध हे शाक्यकुलातील. बालपणी पाण्याचा घडाही उचलावा लागू नये अशा घराण्यातले. येथे खरकट्याचे भांडे कोणी धुवावे हे कुलावरून ठरत नाही, वयावरूनही नाही, तर शेवटी कोण आला यावरून ठरते. "इच्छा असल्यास" हे दोन शब्दही वाचकांनी लक्षात ठेवावेत. त्यांच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

चुल्लवग्गाच्या आठव्या खंधकात शौचकुटीविषयीची कर्तव्ये आहेत. त्यांच्या आरंभी जी कथा येते ती आपल्या समाजात आजवर फारशी सांगितली गेलेली नाही. ब्राह्मण कुळात जन्मलेला एक भिक्खू शौचानंतर पाणी घेईना. अशा हीन, दुर्गंधी वस्तूला कोण हात लावील, असे त्याचे म्हणणे. हीन या अर्थी तेथे 'वसल' हा शब्द आहे. हाच शब्द त्या काळी मनुष्याला हीन ठरविण्यासाठीही वापरीत. परिणाम असा झाला की त्याच्या शरीराला कृमी लागले. यानंतर नियम झाला, आणि पुढे शौचकुटी अस्वच्छ असेल तर ती झाडावी, भांडे भरले असेल तर रिकामे करावे, अशी कर्तव्ये सर्व भिक्खूंसाठी सांगितली गेली. स्वतःच्या देहाची घाणही आपण स्पर्शू नये, ती दुसऱ्या कोणाचे तरी काम आहे, या समजुतीचे मूळ कोठे आहे हे विनयाच्या संग्राहकांना माहीत होते. त्यांनी ते नाव घेऊन नोंदविले.

आता पात्र आणि चीवर. निस्सग्गिय नियमांपैकी बाविसावा नियम सांगतो की पाचापेक्षा कमी ठिकाणी सांधलेले पात्र असता नवे पात्र घेऊ नये. तो कपिलवत्थूच्या निग्रोधारामात झाला. तेथील एका कुंभाराने भिक्खूंना पात्रे देऊ केली होती. भिक्खू इतकी पात्रे मागू लागले की त्याला विक्रीचा माल घडविता येईना व त्याच्या बायकामुलांचे हाल होऊ लागले. वस्तू टिकवून वापरण्याच्या या नियमामागे वस्तू घडविणाऱ्याचे श्रम आहेत, हे विसरून चालणार नाही. नियम मोडून घेतलेले नवे पात्र संघापुढे सोडावे लागे. ते ज्येष्ठतेच्या क्रमाने फिरविले जाई, आणि शेवटी जे पात्र कोणालाच नको असे तेच दोषी भिक्खूला, फुटेपर्यंत वापरण्यासाठी, दिले जाई.

चीवराची कथा कोसंबीची आहे आणि ती अधिक प्रसिद्ध आहे. तथागतांच्या महापरिनिब्बानानंतर आनंद थेर कोसंबीला आले असता उदेन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी त्यांना पाचशे चीवरे दिली. इतक्या वस्त्रांचे हा श्रमण काय करणार, व्यापार करणार की काय, अशी राजाला शंका आली व त्याने प्रश्नांची मालिका सुरू केली. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना देईन. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरील अंथरुणे. त्यांचे? पायपुसणी. पायपुसणी फाटली की? धूळ झाडण्याची फडकी. आणि फडकीही विरली की ती कुटून, चिखलात कालवून जमीन सारवावयास घेऊ. राजाने संतुष्ट होऊन आणखी पाचशे वस्त्रे दिली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांखालचा गिलावा माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला आहे. त्यात चिंध्या होत्या असे नाही, पण मातीला धागा धरून ठेवतो ही आनंद थेरांची माहिती कारागिराची होती, हे त्यावरून उमगते.

येथवरच्या कथा वाचून कोणालाही समाधान वाटेल. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबता कामा नये, कारण हीच चिंधी आणि हेच फुटके पात्र आपल्याला दुसऱ्या एका ग्रंथातही भेटते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ व श्वपच यांना गावाबाहेर राहण्याची आज्ञा आहे. त्यांनी प्रेताची वस्त्रे नेसावीत व फुटक्या भांड्यांत जेवावे, असे तेथे सांगितले आहे. त्याच अध्यायात पुढे आश्रित शूद्राला उष्टे अन्न, जीर्ण वस्त्रे, धान्यातील पोचट दाणे आणि जुने सामान द्यावे असे विधान आहे. गंमत अशी की चौथ्या अध्यायात शूद्राला उच्छिष्ट देऊ नये असेही म्हटले आहे, आणि आपला शूद्र व परका शूद्र असा भेद करून टीकाकारांना हा विरोध मिटवावा लागला. बाबासाहेबांनी मनुस्मृतीचा काळ पुष्यमित्राच्या ब्राह्मणी प्रतिक्रांतीशी जोडला आहे.

वस्तू त्याच आहेत. स्मशानातील वस्त्र भिक्खूच्या अंगावर पंसुकूल चीवर होते आणि चांडाळाच्या अंगावर त्याच्या जातीची खूण होते. पाच ठिकाणी सांधलेले पात्र एकाच्या हातात अपरिग्रह आहे, तर दुसऱ्याच्या हातात शिक्षा. केवळ काटकसर व पुनर्वापर यांच्या मापाने मोजले तर दोन्ही व्यवस्था सारख्याच "पर्यावरणपूरक" ठरतील! खेड्यातील जुन्या बलुतेदारीचे गोडवे गाणारे लेखक आजही असेच मोजमाप करतात. गावात काहीच वाया जात नसे, असे ते लिहितात. का जात नसे? येसकराची पाळी असलेला महार संध्याकाळी घरोघर भाकरी मागत फिरे, मेलेले ढोर ओढून नेई, आणि प्रेतावरचे कापड त्याच्या वाट्याला येई, म्हणून.

फरक कोठे आहे, तर सक्तीत. राजगहात वैद्य जीवकाने तथागतांना शिवी देशाचे उंची वस्त्र अर्पण केले आणि गृहस्थांनी दिलेली चीवरे भिक्खूंना घेता यावीत अशी विनंती केली. तथागतांनी ती मान्य केली. ज्याला पंसुकूल हवे त्याने पंसुकूल वापरावे, ज्याला गृहस्थांचे वस्त्र हवे त्याने ते घ्यावे. पुढे देवदत्ताने ज्या पाच मागण्या केल्या त्यांत सर्व भिक्खूंनी आजन्म चिंध्यांचीच चीवरे वापरावीत, अशी एक मागणी होती. तथागतांनी ती नाकारली. आजन्म चिंधी सक्तीने कोणावरही लादता येत नाही, स्वेच्छेने संसार सोडलेल्या भिक्खूवरही नाही. अनुरुद्धांच्या भोजनशाळेतील "इच्छा असल्यास" या शब्दांचे मोल येथे कळते. उरलेले अन्न खाणे हा तेथे बरोबरीच्या माणसांतला व्यवहार आहे.

एक आक्षेप येथे प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. विनयात 'विघासाद', म्हणजे उरलेल्या अन्नावर जगणारे लोक, येतात. बिंबिसाराने पिलिंदवच्छ थेरांना दिलेले पाचशे आरामिक सेवकही येतात, आणि त्यांचे एक गावच वसले होते. तेव्हा विहारातील सर्व श्रम भिक्खूच करीत, असा दावा करता येत नाही. पण विघासादांची वागणूक पाहा. वेसालीच्या महावनात संघाकडे खाद्यपदार्थ पुष्कळ जमले असता तथागतांनी आनंद थेरांना ते विघासादांना द्यावयास सांगितले. आनंदांनी त्यांना रांगेने बसविले आणि प्रत्येकाला एकेक पोळी दिली. त्या रांगेत परिव्राजिकाही होती. ते भुकेलेले लोक होते. अमुक जातीने हे खावे असा नियम तेथे नाही, आणि दिले गेले ते ताटातले उष्टे नसून जास्तीचे अन्न होते.

जास्तीचे आणि उष्टे यांतला हा भेद बाबासाहेबांनी आपल्या चळवळीच्या आरंभीच हाती घेतला. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस व फेकलेले शिळे तुकडे खाण्याचे सोडून द्या, असे अस्पृश्य समाजाला निक्षून सांगितले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते मान्य झाले नाही, आणि कनिष्ठ वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. तुकडा नाकारणे म्हणजे अन्नाची नासाडी करणे नव्हे. तुकडा नाकारल्यावर तो कोणी उचलावा हा प्रश्न प्रथमच तुकडा टाकणाऱ्याच्या दारात जाऊन पडला. १९४५ च्या काँग्रेस व गांधीजींवरील ग्रंथात बाबासाहेबांनी भंगीकामाच्या उदात्तीकरणावर जो प्रहार केला, त्याचेही मर्म हेच आहे. काम पवित्र आहे असे सांगून ते त्याच माणसाकडे कायम ठेवणे ही फसवणूक आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी सुनीताची कथा घेतली. वंशपरंपरेने झाडू मारणाऱ्या सुनीताला तथागतांनी झाडूचे माहात्म्य सांगितले नाही, संघात घेतले.

आधुनिक कंपोस्टशास्त्राचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी १९२४ नंतर इंदूर येथे, बाबासाहेबांच्या महू या जन्मस्थानापासून जवळच, पालापाचोळा, शेण, माती यांचे थर देऊन खत करण्याची पद्धत बसविली आणि १९३१ मध्ये तिच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. थर किती उंच असावा, ढीग केव्हा फिरवावा, हवा कशी खेळवावी, हे सर्व शास्त्र त्यात आले. शहराची घाण ढिगापर्यंत कोणी वाहून न्यावी, याला मात्र शास्त्राची गरज पडली नाही. ते आधीच ठरलेले होते.

पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. उकिरड्यावर व कचराकुंडीत हात घालून कागद-पत्रा वेचणाऱ्या, बहुसंख्येने दलित समाजातील, स्त्रियांची ती संघटना. पुणे महानगरपालिकेने १९९६ मध्ये त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, आणि पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघून याच स्त्रिया घरोघरी जाऊन कचरा गोळा करू लागल्या. त्यांची पहिली मागणी कोणती होती? घरातच ओले व सुके वेगळे करून द्या. उष्ट्या भातात माखलेला कागद भंगारात कमी भावाने जातो आणि हाताला जखम करणारी काच भातात दिसत नाही. २०१६ च्या नियमांनी कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता देण्यास स्थानिक संस्थांना सांगितले, तेव्हा या स्त्रियांनी दोन दशके रस्त्यावर जे म्हटले होते तेच कागदावर आले. भात आणि काच एकाच पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवणारा सुशिक्षित गृहस्थ, त्याच्या मनात असो वा नसो, शौचास पाणी न घेणाऱ्या त्या भिक्खूच्याच पंक्तीला बसतो. भिंतीपलीकडे दुसऱ्याकडून टाकविणाऱ्याचा दोष त्याला लागू आहे.

आणि आपण? काही वर्षांपूर्वी एका विहारातील वर्षावास समाप्तीच्या भोजनदानास प्रस्तुत लेखक उपस्थित होता. वंदना झाली, धम्मदेसना झाली, जेवणे झाली. पत्रावळ्या, अर्धी टाकलेली जिलेबी आणि प्लास्टिकचे पेले मंडपाच्या मागे एका ढिगात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ढीग उचलावयास दोन सफाई कामगार स्त्रिया आल्या. त्यांतील एक आदल्या दिवशी आमच्याच पंक्तीत जेवली होती. कोणी काही बोलले नाही. पुढील वर्षी मात्र मंडपात खरकट्यासाठी वेगळे पातेले मांडले गेले, ज्याने त्याने आपले ताट त्यात निपटून मग धुवावयाचे असे ठरले, आणि आवराआवरीच्या कामांची नावनिशीवार यादी फलकावर लागली. पहिले नाव समितीच्या अध्यक्षांचे होते. विहाराच्या मागे ओल्या कचऱ्यासाठी खड्डाही घेतला. पहिल्या पावसात त्याला दुर्गंधी सुटली व शेजाऱ्यांनी तक्रार केली. तेव्हा प्रत्येक थरावर सुका पालापाचोळा व माती घालावी लागते हे समितीला कळले, आणि पिंपळाचा पाला पोत्यात भरून ठेवण्याचे काम धम्मवर्गातील मुलांकडे आले.